पणजीत नोकरी, माशेलात घर: एका कुटुंबाचे प्रकरण

२०२५ च्या मार्चमध्ये माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "दादा, आम्ही परत येतोय. बांबोळीची ऑर्डर हातात पडली."

ती मूळची सांखळीची, पेशाने नर्स, आणि नेमणूक पणजीजवळच्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात. लग्नानंतरची नऊ वर्षे पुण्यात गेली. तिच्या यजमानांच्या कंपनीचे छोटे कार्यालय पणजीत पाटोला आहे, तिथे त्यांनी बदली मागितली आणि ती मिळालीही. सोबत सासूबाई, वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे. मुलगा जूनमध्ये पहिलीत जाणारा. गाडी एकच. भाडे पंचवीस हजारांपर्यंत, अगदीच अडले तर तीस. दोन-तीन वर्षे भाड्याने राहायचे आणि जमले तर मग स्वतःचे काही बघायचे, असा बेत.

घर शोधायचे काम माझ्याकडे आले. मी सांखळीत राहतो आणि सव्वीस वर्षे पणजीला जाऊन-येऊन नोकरी केली आहे, त्यामुळे आठ दिवसांत होईल असे मला वाटले. लागले दहा आठवडे. त्या दहा आठवड्यांत आणि नंतरच्या पावसाळ्यात जे कळले ते मी इथे सविस्तर मांडतो आहे. गोव्यात नोकरीसाठी येणारी किंवा परतणारी कितीतरी मराठी कुटुंबे याच प्रश्नापाशी येऊन थांबतात, आणि बहुतेकांचे घर मोबाईलवरचा नकाशा बघून ठरते. पुढची तीन वर्षे मग त्याची किंमत मोजत जातात.

तीन दारांचे बेट

मेहुण्यांचा पहिला हिशेब किलोमीटरचा होता. "पुण्यात मी रोज बावीस किलोमीटर जातो, दीड तास मोडतो. तुम्ही पर्वरी पाच किलोमीटर म्हणताय. मग प्रश्न काय उरला?"

मी त्यांना वहीच्या पानावर तिसवाडी काढून दाखवली. पणजी ज्या तालुक्यात येते ती तिसवाडी म्हणजे बेट आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. पोर्तुगीजांच्या कागदांत या तालुक्याचे नावच 'इल्यास', म्हणजे बेटे. बाहेरून मोठ्या रस्त्याने पणजीत शिरायचे तर दारे तीन: बार्देशातून, म्हणजे पर्वरी-म्हापशाकडून, आलात तर मांडवीचे पूल, सासष्टी-मुरगावातून आलात तर जुवारीचा पूल, फोंड्याकडून आलात तर बाणस्तारीचा पूल. सकाळी नऊच्या आधी निम्मा गोवा या तीन दारांतून आत येतो आणि संध्याकाळी सहानंतर तिथूनच बाहेर पडतो.

त्यामुळे पणजीच्या नोकरीसाठी गाव निवडायचे म्हणजे आधी पूल निवडायचा. गाव कितीही छान असो, पुलाच्या तोंडाशी गाड्या थांबल्या की घर आणि टेबल यांच्यातले पाच किलोमीटर पन्नास मिनिटांचे होतात.

ही गोष्ट माझ्या मनात लहानपणापासून बसली आहे. ५ जुलै १९८६ रोजी भर पावसात मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आम्हा सांखळीकरांना बाणस्तारीवरून जायची वाट होती, त्यामुळे आमचे फार अडले नाही. माझे एक मामा मात्र म्हापशाहून पणजीच्या कचेरीत जात. नवा पूल होईपर्यंत ते फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. मामी सकाळचा डबा साडेसहाला तयार ठेवायची, तेरा किलोमीटरवरच्या नोकरीसाठी. तेव्हापासून कुणी घर दाखवले की माझी नजर आधी नदीकडे जाते.

बघितलेली गावे

जुवारीपलीकडच्या भागाबद्दल आधी लिहितो, कारण तो आम्ही लवकर सोडला, आणि सोडताना मेहुण्यांचे मन खट्टू झाले. २०२२ च्या डिसेंबरअखेरीस नव्या जुवारी पुलाचा पहिला भाग सुरू झाला, वर्षभराने दुसरा. कुठ्ठाळी-आगशीची ती जुनी कोंडी त्यामुळे सुटली. नुसता रस्ता बघायचा तर कुठ्ठाळी-वेर्ण्यासारखे सोयीचे काही नव्हते: महामार्ग सरळ, आणि बांबोळी वाटेवरच. पण घरातून पायी जाता येईल अशी मराठी शाळा आम्हाला तिथे सापडली नाही, आणि बहिणीचे सगळे माहेर सांखळी-सत्तरीत. आई, म्हणजे तिच्या सासूबाई, आजारी पडल्या, मुलाला ताप आला, तर धावून येणारी माणसे दोन नद्या ओलांडून येणार. भाड्याच्या हिशेबात ही गोष्ट कुठेच दिसत नाही, म्हणून मी ती मुद्दाम वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावली.

बेटाच्या आत राहायचे तर पूलच नको, हे खरे. ताळगाव, दोनापावल बजेटबाहेर. मेरशीत एक घर आवडले, ते दुसऱ्याच दिवशी गेले. मग कदंब पठार. जुन्या गोव्याच्या बायपासला लागून तिथे गेल्या काही वर्षांत मोठमोठी संकुले उभी राहिली आहेत. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट चालू, वारा असा की पडदे धरून ठेवावे लागत होते. भाडे सव्वीस हजार. पाटोला पंधरा मिनिटे, बांबोळीला वीस. बहीण आणि मेहुणे दोघांनाही पटले होते. आई मात्र खिडकीशी उभ्या राहून बराच वेळ खाली बघत होत्या. मी जवळ गेलो तशा म्हणाल्या, "इथं खाली उतरून जायचं कुठं?"

मी वाकून पाहिले. फाटक, पहारेकरी, त्यापुढे चौपदरी रस्ता आणि पलीकडे माळ. चालत जाण्यासारखे दुकान नाही, देऊळ नाही, सोप्यावर बसलेले माणूस नाही. नोकरी करणारी दोघे या घरात जागेपणी चार-पाच तास राहणार होती. आई दिवसभर राहणार होत्या आणि मुलगा शाळा सुटल्यापासून. घर त्यांचे जास्त होते. हे मला त्या खिडकीत कळले. तोवर मीसुद्धा दोन नोकऱ्यांचाच विचार करत होतो.

पर्वरीवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण दलालांकडे सर्वांत जास्त घरे तिथलीच. विधानसभा, उच्च न्यायालय, बँका, इस्पितळे, दुकाने सगळे हाताशी, आणि पणजी पुलापलीकडे दिसते. एप्रिलमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट बघायला गेलो. भाडे अठ्ठावीस हजार, वर सोसायटीचे तीन. आईंनी स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडला. तोटीने एकदा खोकल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाली. दाखवणारा माणूस म्हणाला, "आज टँकर यायचा आहे." खाली गेटपाशी निळी पिंपे रांगेत ठेवलेली होती, प्रत्येकावर रंगाने फ्लॅटचा नंबर. त्या पिंपांनी मला जेवढे सांगितले तेवढे कुणी दलाल सांगणार नाही. पर्वरी पठारावर वसली आहे, पाणी वर चढवावे लागते, आणि तिळारीच्या कालव्याला भगदाड पडले की बार्देशात ओरड सुरू होते. सगळ्याच इमारतींत अशी स्थिती आहे असे मी म्हणत नाही. घर बघायला एप्रिल-मेमध्ये आणि सकाळच्या वेळी जा, आणि नळ स्वतः उघडा, इतकेच म्हणेन.

शिवाय उड्डाणमार्गाचे काम. पर्वरीतून पाच किलोमीटरहून थोडा लांब उन्नत महामार्ग उभा राहतो आहे. खांब रोवण्यासाठी रस्ता खोदलेला, वळणे रोज नवी. पूर्ण झाल्यावर पर्वरी मोकळी होईलही, पण भाडेकरू त्या मधल्या वर्षांतच राहणार असतो. आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना ठाऊक नसते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. स्कूटर घेऊन त्या गर्दीतून सुटता येईल असे मेहुणे धरून चालले होते. स्कूटरवाल्याला जुन्या पुलांवरूनच जावे लागते.

म्हापशाची घरे दोनच बघितली. गाव मला मनापासून आवडते, शुक्रवारचा बाजार तर गोव्यात दुसरा नाही. पण म्हापशाहून पणजीला जाणारा माणूस अखेर पर्वरीच्याच रांगेत येऊन उभा राहतो. साळगाव-नेरूलमार्गे बेतीला उतरायची वाट आहे, ती वळणावळणाची, आणि शेवट त्याच पुलापाशी.

फोंडा सोडताना मात्र मला वाईट वाटले. मराठी माणसाला फोंड्यात सांगावे लागत नाही की हे आपले गाव आहे. अंत्रुज महालाची देवळे, राजीव गांधी कलामंदिरातली नाटके, मराठी शाळा, भरलेला बाजार, उपजिल्हा इस्पितळ. पर्वरीच्या निम्म्या भाड्यात मोठे घर मिळत होते. पणजी एकोणतीस-तीस किलोमीटर. आणि बाणस्तारीशिवाय त्याला दुसरेही दार आहे, बोरीच्या पुलावरून जुवारीकडे जाणारे. लांब आहे, पण अडल्या दिवशी उपयोगी. फोंडा सुटला तो भोमामुळे. फोंड्याहून निघालेला महामार्ग कुंडई ओलांडून भोम गावाच्या ऐन मधून बाणस्तारीला येतो. तिथे घरे आणि देवळे रस्त्याला खेटून आहेत. रुंदीकरणाला गावकऱ्यांचा विरोध आहे, आणि घरादारावर येणार म्हटल्यावर तो असणारच. पण आज ना उद्या तिथे काही काम निघणार, आणि निघाले की फोंड्याच्या माणसाला तेच दिवस येणार जे आज पर्वरीकराला आले आहेत.

फोंड्याहून तसेच परत येताना बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे बहीण म्हणाली, "दादा, गाडी माशेलला वळव. चहा घेऊया."

खरे सांगायचे तर माशेल माझ्या यादीत नव्हतेच. इतकी वर्षे बसच्या खिडकीतून बघत होतो, पण तिथे राहायचे असा विचार कधी केला नव्हता. पणजीहून आले की बाणस्तारीचा पूल ओलांडताच माशेलचा फाटा डावीकडे फुटतो. भोम त्याच्या पुढे. म्हणजे फोंड्याची अडचण माशेलला लागत नाही, आणि पणजी अठरा किलोमीटरच्या आसपास. माझी सांखळी आमोण्याच्या पुलावरून जवळ. चहाच्या दुकानात मी सहज विचारले की इथे भाड्याने घर मिळेल का. दुकानदाराने आधी बहिणीला विचारले, "माहेर खंयचें?" सांखळी म्हटल्यावर त्याने मुलाला हाक मारली आणि आम्हाला एका घरी पाठवले.

जुने घर, तळमजल्याचा अर्धा भाग भाड्याला. मातीचे अंगण, तुळस, मागे विहीर. शेजारच्या भागात घरमालकीण एकट्या राहतात. मराठी प्राथमिक शाळा चालत सात मिनिटे, बाजार पाच, देवकीकृष्णाचे देऊळ दहा. आई सोप्यावर टेकल्या आणि मालकीणबाईंशी बोलायला लागल्या, त्या उठेनातच. भाडे तेरा हजार.

वही

तिथल्या तिथे हो म्हणायचा मोह झाला होता. मी दोन आठवडे मागून घेतले. मेहुण्यांना म्हटले, "राहून बघा. घर नंतर, आधी रस्ता." ते पाटोच्या कार्यालयात एप्रिलअखेरीस रुजू झाले होते. पहिला आठवडा ते पर्वरीला एका सहकाऱ्याकडे राहिले, दुसरा माशेलला माझ्या ओळखीच्या घरी. रोज चार वेळा वहीत लिहायच्या: घर सोडले, पूल ओलांडला, खुर्चीत बसलो, संध्याकाळी घरी पोचलो. सोमवार आणि शुक्रवार हवेतच, कारण ते दोन दिवस बाकीच्यांसारखे नसतात.

पर्वरीच्या पानावर सकाळची वेळ एका दिवशी अठरा मिनिटे, दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस, तिसऱ्या दिवशी पंचवीस, शुक्रवारी बावन्न. माशेलच्या पानावर सदतीस, एकोणचाळीस, छत्तीस, एकेचाळीस, आणि एका दिवशी जुन्या गोव्यापाशी ट्रक बंद पडला म्हणून अठ्ठावन्न. सरासरी काढली तर पर्वरीची वेळ थोडी कमीच निघते, पण तिचा भरवसा नाही. मेहुण्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "माशेलला मी बायकोला सांगू शकतो, किती वाजता येतो ते." माणसाला रोजचा दिवस आखायला हेच लागते. चाळीस मिनिटे लागणार हे ठाऊक असले की त्या चाळीस मिनिटांचा जीवाला त्रास होत नाही. अठरा लागतील की बावन्न हे ठाऊक नसले की माणूस रोज बावन्नच धरून निघतो, आणि उरलेला वेळ कुणाच्याच कामी येत नाही.

बसही तपासली. गाडी एक आणि नोकऱ्या दोन, म्हणजे कुणाला तरी बसने यावेच लागणार. पणजीच्या कदंब स्थानकावर सव्वासहाला मी स्वतः उभा राहिलो. म्हापसा, मडगाव, वास्कोच्या शटलला खिडकीवर तिकीट काढून रांग धरायची असते. रांग लांब दिसली तरी भराभर सरकते. माशेलची बस म्हणजे कंडक्टर दारात लोंबकळत "माशेल, बाणस्तार, माशेल" करणार आणि आत शिरल्यावर "फुडें चल, फुडें चल". त्या दिवशी पाऊण तासात तीन बसेस सुटल्या. तिसरीत बसायला जागा मिळाली. मी समाधानाने घरी आलो. माझी चूक तिथेच झाली, पण त्याबद्दल पुढे लिहितो.

पैशांचा हिशेब आम्ही एका रविवारी केला. सकाळची ड्युटी धरायची: मेहुणे बहिणीला बांबोळीला सोडून पाटोला जाणार, ती दुपारी बसने परतणार, संध्याकाळी ते एकटे येणार. माशेलहून दिवसाचे सेहेचाळीस किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस, लिटरला सोळा किलोमीटर, पेट्रोल शहाण्णवच्या घरात: महिन्याला सहा हजार सहाशे. पर्वरीहून तेवीस किलोमीटर, पण थांबत-थांबत जाताना गाडी बारापेक्षा जास्त देत नव्हती: चार हजार चारशे. पेट्रोलचा फरक बावीसशे. भाडे आणि सोसायटी धरून घराचा फरक अठरा हजार. हातात महिन्याला पंधरा हजारांवर रक्कम राहते. ही रक्कम बाजूला पडली तरच पुढे स्वतःच्या घराचे नाव काढता येईल, हे बहिणीने तेव्हाच सांगितले. तिने महिन्याच्या सुरुवातीलाच ती वेगळ्या खात्यात टाकायला घेतली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान आले. अकरा महिन्यांचा करार केला, भाडेकरूचा पडताळणी अर्ज पोलीस ठाण्यात दिला.

जुलै

पहिला महिना चांगला गेला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मैदानात चिखलकाला असतो. पुण्यात मातीत पाय घालू न देणाऱ्या मुलाला त्या दिवशी आजीनेच अंगाला तेल लावून सोडले. डोळे सोडून सगळा चिखलात माखून तो परत आला. मालकीणबाईंनी विहिरीचे पाणी काढून अंगणातच त्याच्यावर चार कळश्या ओतल्या. शाळेतली तीन मुले त्याच्या मागे उभी होती, तीही तशीच. पुण्यात त्याला मित्र करायला दोन वर्षे लागली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात बहिणीला दुपारची ड्युटी लागली. ही ड्युटी रात्री आठला सुटते, चार्ज देऊन निघेपर्यंत सव्वाआठ. मी तपासली होती ती सव्वासहाची बस, मेहुण्यांच्या वेळेची. तिच्या वेळेची बस मी तपासलीच नव्हती. गोव्यात रात्री आठनंतर खासगी बसेस झपाट्याने विरळ होतात, हे मला सव्वीस वर्षे ठाऊक होते आणि तरी ध्यानात आले नाही. सहाला सुटणाऱ्या नोकरीचीच मला सवय होती.

त्या रात्री ती पणजी स्थानकावर पोचली तेव्हा माशेलची बस नव्हती. जुन्या गोव्यापर्यंतची मिळाली, ती धरून गांधी सर्कलपाशी उतरली. पाऊस असा की छत्री उलटी होत होती. तिने फोन केला. मेहुणे घरी पोचले होते. मुलगा झोपलेला, आईंच्या पायावर सूज. शेजारी हाक मारण्याइतकी ओळख अजून झाली नव्हती असे त्यांना वाटले, म्हणून झोपलेल्या मुलाला पांघरुणासकट मागच्या सीटवर ठेवून ते निघाले. सव्वानऊला तिला घेतले. ती गाडीत बसली आणि मुलाचे पाय मांडीवर घेऊन रडली. दुसऱ्या दिवशी मला तिने एवढेच सांगितले, "दादा, वहीत माझं पान नव्हतं."

हे वाक्य अजून मला लागते. चार माणसांचे घर शोधताना आईंचा विचार झाला, मुलाचा झाला, मेहुण्यांच्या वेळा मिनिटांनी मोजल्या, आणि जिच्या नोकरीमुळे हे सगळे घडत होते तिची सर्वांत अवघड वेळ कुणीच मोजली नाही. रात्री सगळ्यांत शेवटी घरी परतणारे माणूस कोणते, आणि ते पावसात कसे येणार, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. कदंब पठाराचा फ्लॅट त्या एका कसोटीवर माशेलपेक्षा सरस ठरला असता, हे मान्य करावे लागेल.

घर सोडायचा विचार दोन दिवस झाला. मग बहिणीने वॉर्डात विचारपूस केली. म्हार्दोळहून एक सहकारी नर्स स्वतःची गाडी घेऊन येते, बाणस्तारीवरूनच जाते. दोघींनी मेट्रनना विनंती करून दुपारच्या आणि रात्रीच्या ड्युट्या शक्य तेवढ्या एकत्र लावून घेतल्या. पेट्रोल निम्मे-निम्मे. बाणस्तारीच्या फाट्यावर ती उतरते, तिथे मेहुणे स्कूटरने घ्यायला येतात. यासाठी एक जुनी स्कूटर घेतली, पस्तीस हजार मोडले. एकत्र ड्युटी जमत नाही त्या दिवशी मेहुणे पाटोलाच थांबतात, आठ वाजता बांबोळीला जातात, आणि मुलाला जेवण आजी भरवते. मालकीणबाईंना नंतर हे सगळे कळले तेव्हा त्या मेहुण्यांवर रागावल्याच. "पोराला पावसात काय नेता? मी कशाला आहे शेजारी?"

बाकीच्या गैरसोयीही लिहायला हव्यात. पावसात वीज जाते, कधी संध्याकाळभर. इन्व्हर्टर घ्यावा लागला. मुलाला कान दुखून रात्री डॉक्टर हवा होता तेव्हा फोंड्याला जावे लागले. माशेल फोंडा तालुक्यात, आणि तो तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या कामाला मडगाव गाठावे लागते. मेहुण्यांचे कार्यालयातले मित्र पर्वरी-पणजीतले, संध्याकाळचे भेटणे त्यांचे जवळजवळ थांबले. ते बोलून दाखवत नाहीत, पण मला जाणवते.

आणि आई. चवथीच्या आदल्या दिवशी मी गेलो तर त्या मालकीणबाईंबरोबर बाजारातून माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या चौकटीचे, सामान घेऊन येत होत्या. हातात कांगलांचा घोस, पिशवीत सुपाऱ्या आणि तोरिंगण. कोल्हापूरकडच्या या बाईला चार महिन्यांपूर्वी माटोळी म्हणजे काय ते माहीत नव्हते. गुडघे दुखतात का विचारले तर म्हणाल्या, "दुखतात की. पण जायला ठिकाण आहे ना."

स्वतःच्या घराकडे

यंदा एप्रिलमध्ये करार पुन्हा अकरा महिन्यांचा केला, भाडे हजाराने वाढवून. बाजूला पडलेल्या रकमेने आता थोडे बळ आले आहे, म्हणून जागा बघणे सुरू आहे. महाराष्ट्रातून आलेल्यांनी इथे सातबारा शोधू नये. गोव्यात एक-चौदाचा उतारा असतो. एका जुन्या घराचा तो उतारा काढला तर मालकांच्या रकान्यात सहा नावे, त्यातली दोन हयात नसलेली. आजोबांच्या पश्चात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालेलीच नव्हती. इथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते, त्यामुळे विकणाऱ्या प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही लागते. सहा भावंडे, त्यांचे जोडीदार, आणि त्यातले तिघे परदेशात. वकिलांनी हात जोडले. आम्हीही.

दुसरी जागा खांडोळ्याच्या बाजूला, लहान प्लॉट. एक-चौदावर एकच नाव, रूपांतराची सनद झालेली, मुंडकाराची (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची) किंवा कुळाची नोंद नाही. भाव त्यांच्या आवाक्याच्या थोडा वर आहे. मेहुण्यांनी सकाळचे पान भरले, बेचाळीस मिनिटे. आईंनी देवळापर्यंतचे अंतर चालून बघितले आणि परतताना रिक्षा केली. बहिणीने वहीत स्वतःच्या हाताने नवे पान घातले आहे. वर लिहिले आहे: "बांबोळी, रात्री ८.१५, पाऊस." ते जुलैत भरायचे आहे. तोवर विसार द्यायचा नाही, असे तिने सगळ्यांना सांगून ठेवले आहे.